शिक्का नोटरीचा, शेत कोणाचें?

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एक वृद्ध भगिनी घडी केलेला कागद पदरांत बांधून आल्या. "दादा, ह्यांत काय लिहिलें आहे तेवढें वाचून दाखवा," असें म्हणाल्या. "सोसायटीच्या कर्जाला जामीन पाहिजे म्हणून भावानें अंगठा घेतला होता. आतां चावडींतून नोटीस आली." कागद आम्हीं वाचला. तें जामीनपत्र नव्हतें. माहेरच्या जमिनींतला आपला हिस्सा आपण राजीखुशीनें भावास सोडून दिला, असें तें हक्कसोडपत्र होतें. खालीं अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि गोल शिक्का. शिक्क्याजवळ मजकूर होता कीं, लिहून देणार बाईंनीं हा दस्त समजून घेऊन आमच्या समक्ष अंगठा केला. आम्हीं विचारलें, "बाई, आपण तालुक्याला नोटरीकडे केव्हां गेलां होतां?" त्या म्हणाल्या, "मी कशाला जाऊं? अंगठा घरांत घेतला, चुलीपुढें. हाताला पीठ होतें तें पुसून घेतला."

वाचकहो, ही एका बाईची गोष्ट नव्हे. ज्या घरांत कागद दुसरा लिहितो, दुसरा वाचतो आणि आपण फक्त अंगठा देतों, त्या प्रत्येक घराची ही गोष्ट आहे. म्हणून नोटरी म्हणजे कोण, त्याचें काम काय, आणि त्याच्या शिक्क्यानें काय होतें व काय होत नाहीं, हें शेतकरी व कारागीर बांधवांस नीट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

कागदानें शेत जाण्याचें दुःख आपल्या लोकांस नवें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुप्याच्या बाजारीं कुणबी उठले, तेव्हां त्यांनीं सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या वह्या आणि खतें यांच्यावरच जास्त हात टाकला. कारण नांगर धरणाऱ्यास पुरतें ठाऊक होतें कीं, आपल्या गळ्यांतला फांस दोराचा नसून कागदाचा आहे. तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, आणि मग सरकारास जाग आली. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत गांवोगांव ग्राम-रजिस्ट्रार नेमण्याची तजवीज होती. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त त्या रजिस्ट्रारानें स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखालीं लिहवावा, किती रक्कम दिली तें त्यांत स्पष्ट घालावें, आणि सही-अंगठा त्याच्यासमोर व्हावा, असा त्याचा मतलब होता. तो कायदा आतां उरला नाहीं. पण त्यांतलें तत्त्व खरें होतें: निरक्षराचा अंगठा घेण्यापूर्वी तिऱ्हाईत माणसानें मध्यें उभें राहून, "बाबा, हें काय आहे तें तुला कळलें काय?" असें विचारलें पाहिजे.

आज हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी बऱ्याच अंशीं नोटरीवर येऊन पडली आहे. इंग्रजी अमदानींत नोटरी हा मुख्यतः व्यापाऱ्यांच्या उपयोगाचा. हुंडी नाकारली गेली तर तसा दाखला द्यावा, परमुलखीं जाणाऱ्या कागदावर शिक्का करावा, हें त्याचें काम. १८८१ च्या हुंडी-चिठ्ठ्यांच्या कायद्यांत त्याच्या नेमणुकीची तरतूद होती. स्वराज्य आल्यावर १९५२ सालीं स्वतंत्र नोटरी कायदा झाला व १९५६ सालीं तो अंमलांत येऊन त्याचे नियमही झाले. त्याप्रमाणें नोटरीस केंद्र सरकार किंवा राज्य सरकार नेमतें. दस्त ज्यानें करून दिला त्यानेंच तो केला अशी खात्री करून तसें प्रमाणित करणें, शपथ देणें व प्रतिज्ञापत्र घेणें, हुंडी किंवा वचनचिठ्ठी नाकारली गेल्यास तशी नोंद करणें, भाषांतर तपासून देणें, हीं त्याचीं मुख्य कामें.

हें काम करतांना त्यानें कसें वागावें हेंही ठरलेलें आहे. त्याचा शिक्का गोल, पांच सेंटिमीटर व्यासाचा असावा. त्यावर त्याचें नांव, हद्द व नोंदणी क्रमांक असावा. दर काय घेणार याचा तक्ता कचेरींत व कचेरीबाहेर दिसेल असा लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहींत ठेवावी. ही वही जिल्हा न्यायाधीशास तपासतां येते. आम्ही तर म्हणतों, नोटरीची अब्रू शिक्क्यांत नाहीं, ती त्या वहींत आहे.

वर सांगितलेल्या भगिनींबरोबर आम्ही त्या नोटरीकडे गेलों. पुष्कळ विनवण्या केल्यावर वही पाहावयास मिळाली. नोंद होती, तारीख होती, बाईंचें नांवही होतें. पण सहीच्या रकान्यांत अंगठा नव्हता. ऐटदार वळणाची सही होती! ज्या बाईंनीं जन्मांत पाटीवर श्रीगणेशा काढला नाहीं, त्यांची ती सही! आम्हीं बोट ठेवून दाखविलें, तेव्हां ते गृहस्थ म्हणाले, "कारकुनाची चूक झाली असेल." चूक कारकुनाची, शिक्का साहेबांचा आणि जमीन बाईंची, असा हा हिशेब आहे.

कोणी म्हणेल, शिक्काच तो, त्यानें एवढें काय बिघडतें? पुष्कळ बिघडतें. पुराव्याच्या कायद्याप्रमाणें, नोटरीसमोर झालेलें व त्यानें प्रमाणित केलेलें कुलमुखत्यारपत्र त्याच माणसानें खरोखर करून दिलें, असें कोर्ट धरून चालतें. तें खोटें आहे हें दाखविण्याचा भार मग गरिबाच्या डोक्यावर येतो. सरकारनें नोटरीच्या शब्दाला हें वजन दिलें, तें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें असेल या भरंवशावर. न पाहतां "माझ्या समक्ष" असें लिहिणें म्हणजे कुंपणानें शेत खाणें होय.

ही झाली शिक्क्याची ताकद. आतां त्याची मर्यादाही ऐका, कारण आपले लोक या दोन्ही बाजूंनीं नाडले जातात. शंभर रुपये व त्याहून अधिक किंमतीच्या जमिनीची किंवा घराची विक्री नोंदणी कचेरींत दस्त नोंदविल्याखेरीज होत नाहीं. हें १८८२ च्या मिळकत हस्तांतराच्या कायद्यांत व १९०८ च्या नोंदणी कायद्यांत स्पष्ट आहे. जमिनीचें बक्षीसपत्र व हिस्सा सोडण्याचें हक्कसोडपत्र यांनाही नोंदणी लागते. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. त्यानें मालकी मिळत नाहीं. कुलमुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम करण्याचा अधिकार. त्यानेंही मालकी मिळत नाहीं. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सूरज लँपच्या खटल्यांत हीच गोष्ट ठणकावून सांगितली. कागदाचा स्टँप मोठा घेतला म्हणून नोंदणीची उणीव भरून निघत नाहीं. तसेंच नोटरीच्या शिक्क्यानें लग्न लागत नाहीं आणि काडीमोडही होत नाहीं; केंद्र सरकारच्या कायदा खात्यानें २०२४ सालीं नोटरींस तसें बजावलेंही आहे.

तरी काय होत आलें? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळें गुंठा-दोन गुंठ्यांची खरेदी नोंदणी कचेरींत अडे. मग दलाल म्हणे, "कशाला काळजी? नोटरी करून टाकूं!" गांव सोडून शहराच्या कडेला आलेल्या लोहारानें, सुतारानें, विणकरानें बायकोचे दागिने मोडून असा गुंठा घेतला, त्यावर पत्र्याची खोली घातली, भट्टी किंवा माग मांडला. वर्षांनीं कळलें कीं, सातबाऱ्यावर नांव जुन्या मालकाचेंच आहे, आणि तोच गुंठा आणखी दोघांस "नोटरी करून" दिला आहे. पैसे गेले, आणि हातीं काय? एक गोल शिक्का.

जवळच्या गोव्यांत नोटरी या शब्दाचा अर्थ निराळा आहे, हेंही सरहद्दीवरच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तेथें पोर्तुगीज अमदानीपासूनच्या परंपरेनें वारसाचे कांहीं दस्त सरकारी नोटरीच स्वतः आपल्या पुस्तकांत लिहितो. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यांतही अशा खास नोटरीची योजना आहे. आपल्याकडचा नोटरी तसा नव्हे. तो साक्षीदार आहे. मालकी देणारा नव्हे. "गोव्यांत चालतें, मग येथें कां नाहीं," असें सांगून कोणी कागद पुढें केला तर फसूं नये.

सर्वच नोटरी वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्यास खुर्ची देऊन, भावाला बाहेर बसवून, कागद त्याच्या बोलींत समजावून सांगणारे नोटरी आम्हीं पाहिले आहेत. "मला कळलें नाहीं," असें म्हातारा म्हणतांच त्यांनीं शिक्का पेटींत ठेवून दिला. अशा माणसांस आमचा दंडवत आहे. पण कोर्टाच्या आवारांत झाडाखालीं टेबल मांडून, न पाहिलेल्या माणसांच्या नांवें गठ्ठ्यानें शिक्के मारणारेही आहेत. त्यांस कायद्याचें कवचही आहे. नोटरीनें आपलें काम करतांना गुन्हा केला, तर सरकारनें अधिकार दिलेल्या अंमलदाराच्या लेखी फिर्यादीवांचून कोर्ट त्याची दखल घेत नाहीं. प्रामाणिक माणसाच्या रक्षणासाठीं हें कवच असेल. पण त्याच्या आड लबाड लपत असेल, तर सरकारनें वह्या वेळच्यावेळीं तपासून तो बाहेर काढला पाहिजे. ज्याच्या वहींत एकही खोटी नोंद सांपडेल, त्याचें नांव पटावरून निघालें पाहिजे. गैरवर्तन चौकशींत शाबीत झाल्यास तें काढण्याचा अधिकार १९५२ च्या कायद्यानें सरकारास दिलेलाच आहे.

आतां दोन शब्द आमच्याच लोकांस. पूर्वीं आम्ही भटजी-शेटजींस बोल लावीत होतों, आणि तो योग्यच होता, कां कीं लेखणी त्यांच्याच हातीं होती. पण त्या भगिनींचा अंगठा कोणी घेतला? सख्ख्या भावानें! साक्षीस कोण होते? भावकींतलेच दोघे! १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. तेव्हांपासून बहिणीच्या अंगठ्यावर भावांची नजर अधिकच गेली आहे. ज्या जोतीरावांनीं स्त्रीशिक्षणासाठीं हाल सोसले, त्यांचें नांव सभेंत घ्यावयाचें आणि घरीं येऊन बहिणीस फसवावयाचें, हें सत्यशोधन नव्हे. बहिणीस हिस्सा सोडावयाचा असेल तर तिनें तो नोंदणी कचेरींत, चार माणसांत, समजून सोडावा. सोडावयाचा नसेल तर तो तिचा आहे.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें असें:

१. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही-अंगठा देऊं नका. मग मागणारा भाऊ असो, सावकार असो कीं पुढारी असो.

२. नोटरीपुढें स्वतः जा. कागद आपल्या भाषेंत वाचून घ्या. घरच्यांशिवाय एकटें बसून ऐका.

३. वहींत आपली नोंद झाली काय, आणि तेथें आपलाच अंगठा लागला काय, हें पाहूनच उठा. कागदाची एक नक्कल घरीं आणा.

४. जमीन किंवा घर यांचा व्यवहार असेल, तर नोंदणी कचेरीवांचून पैसे मोजूं नका. आधीं सातबारा व फेरफार पाहा.

५. शाळेच्या व सरकारी दाखल्यांसाठीं उगाच नोटरीकडे धांवूं नका. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं पुष्कळ ठिकाणीं प्रतिज्ञापत्राऐवजीं स्वतःचें घोषणापत्र चालेल असें ठरविलें आहे. आधीं कचेरींत विचारा.

६. चावडींतून फेरफाराची नोटीस आली तर ती चुलींत घालूं नका. मुदतींत लेखी हरकत द्या व पोंच घ्या.

शेवटीं एक गोष्ट तरुणांसाठीं. नोटरी होण्यास वकिलीचीं दहा वर्षें लागतात. पण अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांस सात वर्षें पुरतात. ही सवलत आपल्यासाठीं आहे. कुणब्याची, माळ्याची, न्हाव्याची, चांभाराची मुलगी वकील होऊन त्या खुर्चीवर बसली, तर आपल्या आईसारखी दिसणारी बाई समोर आल्यावर तिला न विचारतां ती शिक्का उचलणार नाहीं, अशी आम्हांस आशा आहे. आणि तिनें उचललाच, तर तिलाही आम्ही याच स्तंभांत जाब विचारूं.

त्या भगिनींनीं चावडींत हरकत दिली आहे. नोंद तक्रारीच्या वहींत गेली असून फेरफार थांबला आहे. नोटरीविरुद्ध सरकारकडे अर्ज गेला आहे. त्याचा निकाल लागेल तो आम्ही छापूं. त्या दिवशीं हरकतीच्या अर्जावर अंगठा करण्यापूर्वीं त्यांनीं तलाठ्यास म्हटलें, "आधीं वाचून दाखवा, मग अंगठा." बांधवहो आणि भगिनींनो, एवढें वाक्य ज्या घरीं पाठ झालें, त्या घरचें शेत कागदानें सहसा जाणार नाहीं.