काम झालं, पावती घेतली. आधार नंबर मात्र दुकानातच राहिला!

भोसरी असो, चिखली असो की चाकणचा तळेगाव चौक, ‘झेरॉक्स व सर्व ऑनलाइन फॉर्म’ अशी पाटी नसलेला रस्ता आपल्या भागात सापडणं अवघड. पीएफ काढायचाय, उत्पन्नाचा दाखला हवाय, पोरीच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायचाय. सुट्टी गुरुवारची असो की रविवारची, अर्धी एमआयडीसी तिथं रांगेत. आज लिहितोय ते या दुकानांतल्या कॉम्प्युटरबद्दल.

आपण काहीही कॉपी केलं की ते क्लिपबोर्डवर जातं. पूर्वी तिथं एकालाच जागा होती. दुसरं कॉपी केलं की पहिलं गेलं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० च्या अपडेटबरोबर क्लिपबोर्ड हिस्टरी आली. ती एकदा चालू केली की शेवटच्या २५ गोष्टी साठून राहतात. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबा, यादी समोर. मजकूर तर दिसतोच, स्क्रीनवरून कापून घेतलेला आधार कार्डाचा फोटोसुद्धा दिसतो.

सोय म्हणून ही झकास आहे, यात वाद नाही. एखाद्या वर्कशॉपमध्ये ई-वे बिल करणाऱ्याला विचारा. पार्टीचा १५ अक्षरी जीएसटी नंबर कॉपी केला, मध्येच गाडी नंबर कॉपी केला, की पहिला गायब. आता यादी उघडायची, उचलायचा, टाकायचा. नेहमी लागणारा पत्ता पिन करून ठेवला तर रिस्टार्टनंतरही राहतो. फक्त एक आहे. हिस्टरी आधीपासून चालू असेल तरच मागचं सापडतं. हरवल्यावर चालू केली तर जुनं परत येत नाही. त्यामुळे मशीन तुमचं एकट्याचं असेल तर आजच चालू करा.

पण हीच सोय सगळ्यांच्या वापरातल्या मशीनवर आली की गणित उलटं होतं.

मागे एका दुकानात बिल भरताना माझा ग्राहक क्रमांक सापडेना, म्हणून मीच विंडोज-व्ही दाबलं. नंबर मिळाला. पण त्याच्याखाली कोणाचा तरी आधार नंबर, कोणाचा यूएएन, बँक खातं आणि आयएफएससी. आणि एक शब्द, पाहताक्षणी कळावं की हा पासवर्ड. ती माणसं केव्हाच घरी गेलेली. दुकानातला पोरगा प्रामाणिक होता, असं काही साठतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. कोणीतरी कधीतरी हिस्टरी चालू केली, ती तशीच चालू राहिली.

रिस्टार्ट केलं की यादी पुसली जाते, हे खरं. पण गर्दीच्या दुकानात मशीन दिवसभर बंद कोण करतो? पिन केलेलं तर रिस्टार्टनंतरही राहतं. मालकाने सिंक चालू ठेवलं असेल, तर तोच मजकूर त्याच्या दुसऱ्या लॅपटॉपवरही पोचू शकतो.

काही जण म्हणतील, आधारची झेरॉक्स आपण गावभर वाटतो, मग याचं एवढं काय? फरक आहे राव. झेरॉक्स कोणाला दिली हे आपल्याला माहीत असतं, आणि झेरॉक्सवर पासवर्ड नसतो. इथं यूएएन, आधार, खातं, पासवर्ड सगळं एकाखाली एक. ‘पीएफ ऑफिसमधून बोलतोय’ म्हणणाऱ्याला आणखी काय पाहिजे? त्याने आपला नंबर बिनचूक सांगितला की आपण ओटीपी देऊन मोकळे. लातूर-नांदेडहून, बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन कंत्राटावर राबणाऱ्या कितीतरी पोरांकडे पीएफ हीच काय ती शिल्लक. ती गेली तर दाद मागायला सुट्टी टाकावी लागते, आणि सुट्टी टाकली की हजेरी बुडते.

दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. तो कमी पैशात आपली अडलेली कामं करतो. पण जिल्हा प्रशासन आणि महापालिकेला विचारायला हवं. आपले सरकार सेवा केंद्रात आणि नागरी सुविधा केंद्रात दरपत्रक लागतं, तिथंच आणखी एक ओळ का नको? ‘काम झाल्यावर क्लिपबोर्ड पुसून घ्या.’ त्याहून सोपं म्हणजे सेटिंग्ज, सिस्टिम, क्लिपबोर्ड इथं जाऊन या केंद्रांतली हिस्टरी बंदच ठेवा. खर्च शून्य. काम संपलं की माहिती पुसावी, हे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. ते दिल्लीच्या कागदावरून चाकणच्या काउंटरवर यायला हवं.

तोवर आपण काय करायचं?

उठायच्या आधी सरळ सांगा, ‘दादा, विंडोज-व्ही दाबून क्लिअर ऑल करा.’ पिन केलेलं त्याने जात नाही, तेवढं बघून घ्या. डाउनलोडमधली आपली फाइल काढायला लावा. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर लॉगआउट करा. पासवर्ड स्वतः टाइप करा, दुसऱ्याला कॉपी करायला देऊ नका. जिथं चालतं तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

यात कोणावर संशय घेणं नाही. हिशोब झाल्यावर सुटे पैसे मोजून घेतो ना आपण? तसंच हे.

तुमच्या भागातल्या दुकानात हिस्टरी चालू आहे का, बघा आणि कमेंटमध्ये सांगा. दुकानाचं नाव नको, भाग सांगितला तरी पुरे. कंपनीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर ही पोस्ट जरूर टाका.