दोरीवर कविता पुष्कळ झाल्या

दोर कसा निवडावा नि त्याला स्प्लाइस कशी मारावी यावर मी लिहितोय हे कळल्यावर आपल्याच अड्ड्यावरचे दोघे फिदीफिदी हसले. एक म्हणाला, "कवी, आता सुतळीचं दुकान काढ." दुसरा जास्त शिकलेला. तो म्हणाला, हे काही व्यवस्थेचं विश्लेषण नव्हे, हा हस्तव्यवसायाचा तास झाला. असू दे. मॅट्रिक झालेल्या गोदी कामगाराकडून तुम्हाला दुसरं काय पाहिजे? विश्लेषण तुम्ही करा. मी दोर दाखवतो.

मे महिन्यात मामा झाडावरून पडला. सख्खा मामा नाही, वस्तीचा मामा. पावसाळ्याआधी रस्त्यावरची झाडं छाटतात, त्या कामावर होता. टेंडर एकाचं, काम दुसऱ्याचं, माणसं पुरवणारा तिसरा, आणि झाडावर मामा. पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला दोरीचे फास बांधायचे, त्यात पाय देऊन वर चढायचं, कमरेला कोयता. दुसऱ्या मजल्याइतक्या उंचीवर पायातला फास सुटला. खुबा मोडला, मणक्याला मार. पुरवठादारानं पहिल्या दिवशी दवाखान्यात दोन हजार टेकवले नि मग फोन बंद. मुकादम म्हणतो, प्यायला असणार. मामा माळकरी आहे, भडव्या. चहासुद्धा आलं घालून घेतो तेवढीच त्याची नशा.

मामाच्या पोरानं ती दोरी पिशवीत घालून माझ्याकडे आणली. का आणली त्यालाही सांगता येईना. मी हातात घेतली आणि मला सगळं कळलं. पोलिसाला पंचनाम्यात जे दिसलं नाही ते दोरीत लिहिलेलं होतं.

एक, ती पिवळी, किलोवर विकतात ती. बाजारात तिला नायलॉन म्हणतात. ती नायलॉन नाही. पॉलिप्रॉपिलीन. दोन, ती दोन उन्हाळे तरी उघड्यावर पडलेली होती. अंगावर केस उभे राहिलेले, तळहातावर घासली तर भुकटी निघते. ऊन ह्या जातीच्या दोरीला आतून खातं. तीन, तिला साधी गाठ मारली होती. ही दोरी बुळबुळीत, गाठ धरून बसत नाही, वजन येतं-जातं तशी गाठ सरकत सरकत सुटते. गाठीच्या जागी दोरी चकचकीत झालेली. दोरीवर दोरी घासली की ऊब होते, आणि साधारण १६५ अंशाला हा माल वितळतो. मामाचा पाय कशामुळे सुटला ते असं. त्यात दारूचा थेंब नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुला एवढं कसं कळतं? गोदीतल्या एका म्हाताऱ्या तिंडलनं शिकवलं. पण त्याच्याही आधीचं आहे. आम्ही मांग. आमच्या आज्याच्या हाताला दोराचा वास होता. घायपाताची पानं ओढ्यात कुजत घालायची, आठ-पंधरा दिवसांनी काढून बडवायची, धुवायची, वाख वाळवायचा, मग ढेऱ्यावर पीळ. त्या कुजलेल्या पाण्याचा वास ज्याला माहीत नाही त्याला 'बलुतं' हा शब्द कळला असं मी मानत नाही. नाडा, सोल, कासरा, दावं, वेसण, मुसकी, शिंकं, सगळं गावाला पुरवायचं. बदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, पाटील सुपात टाकील ते.

आणि ह्यातला सगळ्यात मोठा बनाव ऐका. मोटेचा नाडा आमच्या हातचा. तो पाटलाच्या विहिरीत दिवसभर भिजतो, त्याच पाण्यात. नाड्यानं विहीर बाटत नाही. पण ज्या हातानं नाडा वळला तो हात पाण्याला लागला तर विहीर बाटते. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले तेव्हा गावोगावच्या विहिरींत आमचे दोर आधीच उतरलेले होते. दोर पवित्र, माणूस विटाळ. असलं तर्कशास्त्र ज्यानं काढलं त्याला काय म्हणावं?

म्हणून माझ्या बापानं दोर टाकला. बरोबर केलं. बाबासाहेबांनी सांगितलंच होतं, गावकीची घाण कामं सोडा, शहराकडे चला. बाप मुंबईला आला, त्यानं आयुष्यात परत पीळ दिला नाही. घरात कपडे वाळत घालायची दोरी तुटली तरी तो शेजाऱ्याला बांधायला सांगायचा. ती त्याची शपथ होती आणि मी ती मानतो. पण माझं नि आपल्या काही मंडळींचं जिथं बिनसतं ते इथं. धंदा सोडला म्हणजे हातातली विद्याही लाथाडायची का? आपण 'फकिरा' वाचतो, छाती फुगवतो, आणि आज्जा दोर वळायचा हे कॉलेजात सांगताना जीभ जड होते. बलुतं म्हणून फुकट वळलेला दोर ही गुलामी. रोकडा दाम घेऊन, आपल्याच माणसाचा जीव टांगण्यासाठी, तपासून घेतलेला दोर ही दुसरी चीज आहे. ह्या दोन्हींत फरक करता येत नसेल तर आपली विचारधारा कच्च्या सुताची.

असो. मुद्द्यावर येतो.

दुकानात जाल तेव्हा नावावर जाऊ नका. एक वीतभर तुकडा मागा, बादलीत बुडवून, दाबून हवा काढा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिथिलीन. तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. ह्या दोघांतला फरक ओढल्यावर कळतो. नायलॉन रबरासारखं ताणतं. भिजल्यावर त्याची ताकद थोडी कमीही होते. ताणणं वाईट नाही, झटका गिळायला चांगलंच. पण पायरीला ते नको. पाय दिला की पायरी खाली जाते, काढला की वर येते, माणूस झाडावर झोके घेतो. पायरीला पॉलिस्टर. महाग पडतं, पण उन्हाला त्यातल्या त्यात दाद देत नाही, ओलं झालं तरी ताकद तीच राहते.

मनिला दोर गोदीत आता क्वचित बघायला मिळतो. हा फिलिपाइन्सचा माल, केळीच्या जातीच्या झाडाचा धागा. हाताला फार गोड. पण भिजून सुकून आतून कुजतो आणि बाहेरून साळसूद दिसतो. कुठलाही जुना दोर घ्यायच्या आधी पीळ उलटा फिरवून पोटात बघायचा. आत काळं किंवा भुसा दिसला तर फेकायचा. बाहेरून नेता आणि आतून भुसा ही जात आपल्याला नवी नाही.

ताकदीचा हिशेब असा. १२ मिलिमीटरचा तीन पेडी दोर नवा असताना, मनिला असेल तर टनाच्या आसपास तुटतो, पॉलिप्रॉपिलीन दोन टनाला, नायलॉन तीनच्या जवळपास. हा तुटायचा आकडा. माणूस टांगायचा असेल तर त्याचा दहावा हिस्साच धरायचा. मनिलाचा दहावा हिस्सा शंभर किलो, म्हणजे मामा, त्याचा कोयता नि भिजलेली चेन-सॉ, संपलं. आणि त्यात गाठ मारली की जोर तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानं उतरतो, कारण गाठीत दोर स्वतःलाच चेपतो. स्प्लाइस नीट मारली तर नऊ दशांश ताकद शिल्लक राहते. एवढ्यासाठी स्प्लाइस.

ती अशी. टोकापासून एक वीत चार बोटं पीळ सोडायचा, तिन्ही पेड मोकळे. प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी, सोडलेल्या जागी सुतळीचा करकचून बंध. फासा हवा तेवढा वळवून दोराच्या अंगावर आणायचा. लाकडी सळीनं दोराचा एक पेड उचलायचा, मधला मोकळा पेड त्याखालून, पिळाच्या उलट दिशेनं. दुसरा मोकळा पेड त्याच्या शेजारच्या पेडाखालून. मग दोर उलटा करायचा आणि राहिलेल्या पेडाखालून तिसरा. नवशिके इथंच चुकतात, तिसरा भलत्या बाजूनं घालतात. खूण सोपी: तिन्ही पेड तीन वेगळ्या फटींतून, एकाच उंचीवर बाहेर आले पाहिजेत. पुढं एकावरून, एकाखालून. तिन्ही पेड एकदा गेले की एक फेरा. मनिलाला तीन फेरे चालतात, ह्या प्लॅस्टिकच्या जातीला पाच घाला. ती निसटती आहे, भरवसा ठेवू नका. शेवटी पायाखाली घेऊन लाटायची. माझ्या पहिल्या अकरा स्प्लाइस तिंडलनं पाण्यात फेकल्या. बारावी त्यानं खिशात घातली, बोलला काही नाही. माझ्या कवितेचं एवढं चांगलं परीक्षण अजून कुणी केलेलं नाही.

आता पायरी. एका मीटर घेराच्या बुंध्यासाठी साडेतीन मीटर दोर लागतो. एका टोकाला मुठीएवढा फासा, दुसऱ्या टोकाला पाऊल बसेल एवढा मोठा. मोठ्यात स्प्लाइस मारायच्या आधीच पाण्याच्या पाइपाचा तुकडा ओवून ठेवायचा, नाहीतर फासा मिटतो आणि बुटाला आवळतो. बुंध्याला दोन वेढे द्यायचे, पायाचा फासा दुमडून छोट्या फाशातून काढायचा, खाली ओढायचा. पाय दिला की वेढा आवळतो. गुळगुळीत ओल्या सालीवर तरीही घसरू शकतो, म्हणून आधी जमिनीपासून फूटभर उंचीवर नाचून बघायचं. विजेची तार फांदीला टेकली असेल तर चढायचंच नाही, कोण काय म्हणेल ते म्हणो. बुटाला लोखंडी काटे लावून चढणारेही आहेत, पण काट्यानं जिवंत झाडाला भोकं पडतात. तोडायच्या झाडाला ते ठीक, छाटायच्या झाडाला नाही.

गोदीत एका खलाशानं मला जहाज बांधायच्या दोराच्या जातीचा करडा तुकडा दिला होता, सहा मिलिमीटरचा. डायनीमा म्हणतात. पाण्यावर तरंगतो आणि तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेला जोरात भारी पडतो. मी हरखलो. गाठ मारली, ती माझ्यासमोर सापासारखी सुटली. त्याला गाठ नाही, पेडाची स्प्लाइसही नाही. तो पोकळ विणलेला. टोक निमुळतं करून त्याच्याच पोटात घालायचं, जाडीच्या बहात्तर पट, म्हणजे सहा मिलिमीटरला त्रेचाळीस सेंटिमीटर, आणि वरून दोऱ्यानं शिवायचं, कारण वजन नसताना ते निसटतं. पण माझा तुकडा कुठल्या वादळात किती ताणला गेला होता ते कुणास ठाऊक. मी त्याची पायरी केली नाही. भंगारातला दोर माणसाला लावू नका, कितीही भारी असला तरी.

एवढं सगळं सांगून एक सांगतो: पायरी म्हणजे जीव राखणारा दोर नव्हे. पायरी चढायला. जीव राखायला अंगावर पट्टा आणि बुंध्याभोवती वेगळा दोर, कारखान्यातून तपासून आलेला, घरी वळलेला नाही. तो दोर कंत्राटदारानं द्यायचा. मामाला तो कधी दिसलाच नाही. स्वस्तातली पिवळी दोरीसुद्धा त्याच्या मजुरीतून कापली होती.

१९७५ पासून ह्या राज्यात शहरातल्या झाडांचा कायदा आहे. झाड तोडायला परवानगी लागते, झाडांची गणना करायची असते. चांगलंच आहे, झाड जगलं पाहिजे. पण झाडावर चढणाऱ्यांची गणना कुणाच्या वहीत आहे? गटारात उतरणाऱ्यासाठी २०१३ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं तिथल्या मृत्यूला तीस लाखांची भरपाई सांगितली. तरी माणसं मरताहेत. तिथंही कमरेला दोर असतो म्हणे, प्रेत वर ओढायला. उतरणारा आपला, चढणारा आपला, आणि दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात तो गाडीत बसून फोन बंद करतो.

माझी मागणी मोर्च्याएवढी मोठी नाही. पुढच्या मेच्या आत आपल्या वस्तीतला जो कुणी छाटणीवर जाणार आहे त्यानं पट्टा आणि तपासलेला दोर घेतल्याशिवाय जमीन सोडायची नाही. एकट्यानं नाही म्हटलं तर मुकादम दुसरा माणूस आणतो. म्हणून नाक्यावर सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं. आणि त्या गर्दीत निदान दहाजण असे पाहिजेत की जे पुरवठादारानं दिलेला दोर हातात घेऊन, पीळ उलगडून, त्याच्या तोंडावर सांगतील, हा सडलाय. मोर्चात घोषणा देणारे आपल्याकडे शंभर आहेत. दोराच्या पोटात बघणारा मी एकटा का?

मी दोरीवर चार कविता केल्यात. एक तर तुम्ही ह्याच पानांवर वाचली. त्यात फास आहे, वेसण आहे, फाशी देणाऱ्या मांगाचा हात आहे. टाळ्या पडल्या. तेव्हाही मामा पिवळ्या दोरीवरच चढत होता, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं.

मामाचं पोर सध्या दर रविवारी माझ्याकडं येतं. त्याला बापाच्या जागी झाडावर जायचंय, मी नको म्हणतो, घर नको म्हणू देत नाही. त्याच्या नऊ स्प्लाइस मी फेकल्या. तो शिव्या घालतो, परत पीळ सोडतो. माझा बाप दाराशी बसून बघत असतो, तोंड फिरवून, पण बघत असतो. परवा पोराचा तिसरा पेड परत भलत्या फटीतून गेला, तेव्हा बाप जागचा उठला नाही, नुसतं म्हणाला, "उलटा कर आधी."