आधी परवानगी, मग खरेदीखत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधण्याचे कष्ट आजही आहेतच. परंतु आता त्या कष्टांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. ज्या जमिनीवर घर बांधायचे, तिच्यावर ते बांधता येते का? खेदाची गोष्ट अशी की, हा प्रश्न बहुधा जमीन विकत घेऊन झाल्यावरच विचारला जातो.

दृश्य परिचयाचे आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा एखादा शिक्षक शहराच्या वेशीवर चार-पाच गुंठ्यांचा तुकडा पाहतो. सातबारा स्वच्छ असतो, विक्रेता ओळखीतला असतो आणि आजचा भाव उद्या राहणार नाही, असे चार जण बजावत असतात. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मोडून खरेदीखत होते, पेढे वाटले जातात. पुढे नकाशा मंजुरीसाठी नगररचना कार्यालयात गेल्यावर कळते की जमीन शेती विभागात आहे, किंवा तिच्यावरून विकास आराखड्यातील रस्ता जातो, किंवा ती नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत आहे. आयुष्यभराची पुंजी अशा वेळी तारेच्या कुंपणात अडकून पडते.

या फसगतीचे मूळ एका गैरसमजात आहे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावावर, पीक कोणते, बोजा कोणाचा, हे तो सांगतो. तेथे घर उभे राहील की नाही, हे सांगत नाही. दस्ताची नोंदणी म्हणजेही बांधकामाची अनुमती नव्हे. बिनशेतीची प्रक्रिया 2014 पासून टप्प्याटप्प्याने सुलभ होत गेली, हे खरे. परंतु त्यामुळे हरित पट्टा रहिवास विभाग होत नाही. जमिनीवर काय बांधता येईल, हे ठरते ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 खालील आराखड्यांनी आणि विकास नियंत्रण नियमावलीने.

पुण्याचे उदाहरण बोलके आहे. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले. टेकड्या वाचल्याच पाहिजेत, याविषयी दुमत नसावे. पण तेथे तुकडे घेतलेल्या लहान खरेदीदारांची कोंडी झाली, हेही तितकेच खरे. गुंठेवारीचा इतिहास हेच सांगतो. 2001 मध्ये नियमितीकरणाचा कायदा करावा लागला आणि 2021 मध्ये त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवावी लागली. जो समाज आधी खरेदी करतो आणि नंतर अनुमती मागतो, त्याला नियमितीकरणाच्या दयेवर जगावे लागते.

मग मार्ग कोणता? इसार देण्यापूर्वीच झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्यावा. रस्ता प्रत्यक्षात दिसतो तसा कागदावरही आहे का, हे तपासावे. त्यानंतर थेट खरेदीखत न करता सशर्त साठेखत करावे. किंमत आजच निश्चित करावी. मात्र ठरलेल्या मुदतीत बांधकाम परवानगी मिळाली नाही तर करार संपेल आणि इसार परत मिळेल, अशी स्पष्ट अट घालावी. 1872 च्या करार कायद्याला असे सशर्त करार मान्य आहेत. अर्ज मूळ मालकाच्या नावे करावा, खर्च आपण सोसावा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास कुळकायद्याच्या कलम 63 ची आडकाठी असतेच. त्यामुळे ही वाट त्याला अधिकच हिताची.

विक्रेता थांबणार नाही, दुसरे गिऱ्हाईक येईल, असा आक्षेप निघेल. काही सौदे हातचे जातीलही. परंतु ज्याला आपल्या जमिनीची खात्री आहे, त्याला चार-सहा महिन्यांच्या मुदतीचे भय का वाटावे?

शासनाचेही येथे कर्तव्य आहे. इंग्लंडमध्ये जमिनीचा मालक नसलेली व्यक्तीही मालकाला सूचना देऊन नियोजन परवानगीचा अर्ज करू शकते. आपल्या 1966 च्या कायद्याचे कलम 44 विकास करू इच्छिणाऱ्या कोणत्याही व्यक्तीविषयी बोलते. मात्र नियमावली मालकी हक्काचे कागद मागते. नोंदणीकृत साठेखत असलेल्या खरेदीदारास, मालकाच्या संमतीने, स्वतःच्या नावे प्राथमिक अनुमती मागता यावी, एवढी सुधारणा झाली तरी हजारो कुटुंबांची वणवण टळेल.

हा विषय केवळ घरापुरता नाही. वसतिगृहासाठी, रुग्णालयासाठी, शाळेसाठी संस्था जमिनी घेतात, त्या समाजाने विश्वासाने दिलेल्या निधीतून. निधी देणाऱ्या आजीबाईंनी पावती मागितलेली नसते. म्हणून विश्वस्तांचे दायित्व वाढते. देणगीच्या पैशाने घेतलेल्या जागेवर वर्षानुवर्षे केवळ फलक उभा राहणे, हा त्या विश्वासाचा अवमान आहे.

भूमीला आपण माता मानतो. तिच्या व्यवहारात भावनेइतकीच सावधताही हवी. भूमिपूजनाचा नारळ फोडण्यापूर्वी, आणि खरेदीखतावर स्वाक्षरी करण्यापूर्वीही, मंजूर नकाशा हाती असावा.