खेळ मुलग्यांचा, कामे मुलींची

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पडद्यावरील कौशल्याच्या स्पर्धांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या स्पर्धा क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणल्या होत्याच. २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांसाठी पदकेही देण्यात आली. म्हणजे कालपर्यंत ज्याची पोरखेळ म्हणून संभावना होत होती, त्याला आज राजमान्यता मिळाली आहे. राजमान्यता मिळालेल्या या खेळात निम्म्या लोकसंख्येचे स्थान कोणते, हा प्रश्न त्यामुळे आता केवळ घरगुती राहिलेला नाही. तो सार्वजनिक झाला आहे आणि त्याचा विचारही सार्वजनिक पातळीवरच झाला पाहिजे.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील सुखवस्तू तरुणींचा आहे, असा एक समज आहे. तो तपासून पाहायचा तर मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसावे. आसनगाव, आटगाव ही स्थानके मागे पडल्यावर काही वेळाने खर्डी येते. शहापूर तालुक्यातील हे गाव धड शहर नव्हे आणि धड आडवळणाचे खेडेही नव्हे. लोकल आहे, महामार्ग जवळ आहे, मोबाइलचे जाळे आहे. अशा गावात संध्याकाळी पारावर, दुकानाच्या पायरीवर किंवा स्थानकाच्या बाकावर चार-पाच मुलगे डोक्याला डोके लावून मोबाइलवरील लढाईत दंग झालेले दिसले, तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. त्याच बाकावर त्याच तन्मयतेने चार मुली खेळत बसल्या, तर मात्र येणारा-जाणारा थबकून पाहील आणि निदान एखादा तरी त्यांच्या घरी जाऊन सांगेल. सगळा प्रश्न या एका फरकात सामावलेला आहे.

वेळ कोणाजवळ आहे?

खेळाला लागणारी पहिली गोष्ट उपकरण नव्हे. रिकामा वेळ ही होय. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची सरासरी ८८ मिनिटे आहे. आणि मुळात हात लावणारे पुरुषच थोडे! शहापूर तालुक्यात या आकड्यांना आणखी एक परिमाण आहे. तानसा, भातसा आणि वैतरणेवरील मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच परिसरातील आहेत. तरीही दर उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि हंडा बाईच्याच डोक्यावर असतो. आईला हातभार म्हणून तो दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर येतो. तिच्या भावाला मिळणारा संध्याकाळचा तास आकाशातून पडलेला नसतो. तो तिच्या तासातून वजा झालेला असतो.

दुसरी गोष्ट उपकरणाची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळ असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ग्रामीण भागात जेमतेम ४७ टक्के आढळले. २०२३ साली ‘असर’ने २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे तो स्वतःचा होता. मुलींत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. घरात एकच फोन असेल तर तो दिवसा वडिलांकडे, संध्याकाळी भावाकडे आणि अभ्यासाचे निमित्त असेल तेव्हा, तेही कोणाच्या तरी नजरेसमोर, मुलीकडे असा त्याचा क्रम असतो. मुलाने फोन हातात घेतला की परीक्षेची आठवण करून दिली जाते. मुलीने घेतला की तिच्या चारित्र्याची चिंता सुरू होते.

जन्मजात की बनवलेले?

‘मुलींना अशा खेळांची आवडच नसते,’ हे यावरचे ठरीव उत्तर. इतिहासाचा आधार त्याला मिळत नाही. १९८० साली जपानमध्ये ‘पॅक-मॅन’ हा खेळ निघाला, तेव्हा खेळघरांत स्त्रियांनीही यावे हा हेतू मनाशी धरूनच तोरू इवातानी यांनी त्याची रचना केली होती. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीने रचलेला ‘मिस्टरी हाउस’ हा चित्रमय साहसखेळ बाजारात आला. १९८२ सालचा गाजलेला ‘रिव्हर रेड’ कॅरोल शॉ या अभियंता स्त्रीने तयार केला. म्हणजे या कलेच्या पाळण्याची दोरी हलवणाऱ्या हातांत स्त्रियांचे हातही होते.

चित्र बदलले ते बाजारपेठेमुळे. १९८३ साली अमेरिकेतील हा धंदा कोसळला. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचा माल खेळण्यांच्या दुकानांतून विकला जाऊ लागला. आणि त्या दुकानांत मुलग्यांची मांडणी वेगळी, मुलींची वेगळी असे. विक्रेत्यांनी मुलग्यांची बाजू निवडली. १९८९ साली आलेल्या हातातल्या यंत्राचे नावच ‘गेम बॉय’ होते. जाहिरातींत मुलगे, कथांत पुरुष वीर, आणि स्त्री आली तर ती सोडवून आणायची राजकन्या म्हणून किंवा डोळ्यांना सुख म्हणून. एक पिढी हे पाहत वाढली आणि बाजाराने केलेली निवड निसर्गाचा नियम म्हणून मानू लागली. या निवडीचे परिणाम खेळापुरते राहिले नाहीत. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत १९८४ च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. पुढील दोन-अडीच दशकांत ते निम्म्यावर आले. घरगुती संगणक हे मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले, त्यामुळे मुलगे यंत्राशी सलगी करूनच महाविद्यालयात येऊ लागले आणि मुलींना तेथे उपऱ्यासारखे वाटू लागले, हे या घसरणीचे एक महत्त्वाचे कारण अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

पटाला स्त्री-पुरुष कळत नाही

महाराष्ट्राला तर हा वाद नवा नाहीच; फक्त तेव्हा समोर पडदा नव्हता, चौसष्ट घरांचा पट होता. राष्ट्रीय महिला बुद्धिबळस्पर्धेचे अजिंक्यपद १९७४ ते १९८३ या काळात मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींकडेच राहिले. यांपैकी रोहिणी १९७६ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या खेळात शरीरबळाचा प्रश्नच नाही, त्यात स्त्रीला प्रवेश नाकारण्याचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांना देता आले नाही.

दार उघडले, पण दारात उभ्या असलेल्यांची नजर बदलली काय? जानेवारी २०२४ मध्ये नागपूरच्या अठरा वर्षांच्या दिव्या देशमुखने नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धा संपल्यावर जाहीरपणे लिहिले की, प्रेक्षकांचे लक्ष तिच्या खेळाकडे नसते. ते कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलतात. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीसारख्या ज्येष्ठ खेळाडूला अंतिम फेरीत हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. यश मिळाल्यावर सारे राज्य कौतुकाला धावले, हे योग्यच झाले. पण मान मिळण्यासाठी मुलीला आधी जग जिंकावे लागते आणि मुलग्याला केवळ खेळावे लागते, ही विषमता त्या कौतुकात झाकून जाऊ नये.

मोबाइलच्या पडद्यावर हीच गोष्ट अधिक उघडीवाघडी होते, कारण तेथे बोलणारा अदृश्य असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात संशोधकांनी ऑनलाइन लढाईच्या खेळात आधी मुद्रित केलेली तीच वाक्ये कधी पुरुषाच्या आणि कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवली. वाक्ये तीच, पण स्त्रीच्या आवाजाला सुमारे तिप्पट वाईट शेरे मिळाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, स्त्री-सहकाऱ्यावर सर्वाधिक तोंडसुख घेणारे पुरुष हे खेळात कच्चे असणारे होते; निष्णात खेळाडूंचे वागणे पुष्कळच बरे होते. हा निष्कर्ष मार्मिक आहे. ज्याला आपले स्थान डळमळीत वाटते, तोच दुसऱ्याला जागा नाकारतो. द्वेषाची परिसीमाही झालेली आहे. खेळांतील स्त्रीचित्रणावर टीका करणाऱ्या अनिता सार्कीशियन यांना २०१४ साली यूटा येथील विद्यापीठातील व्याख्यान सामूहिक हत्येच्या धमकीमुळे रद्द करावे लागले. अशा वातावरणात अनेक स्त्रिया ध्वनिसंवाद बंद ठेवून किंवा पुरुषी नाव घेऊन खेळतात. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील सात नामवंत खेळाडूंशी संवाद साधला. त्यांत नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील पायल धारे ही एकटीच स्त्री होती. हा आकडा पुरेसा बोलका आहे.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो विशेषतः शिक्षकवर्गाकडून येतो. या खेळांनी मुलगे अभ्यासातून उठले, डोळे आणि झोप गमावून बसले. मुली त्यातून वाचल्या तर बरेच झाले, त्यांना त्या फंदात ओढायचे कशाला? आक्षेपातील काळजी खरी आहे आणि तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु खेळ जर विष असेल तर ते मुलग्यांनाही विषच असले पाहिजे. आणि मर्यादा घालायची तर ती दोघांनाही सारखीच घातली पाहिजे. आज तसे होत नाही. मुलग्याचे खेळणे ही ‘सवय’ ठरते आणि मुलीचे खेळणे हा ‘थेर’ ठरतो. म्हणजे आक्षेप खेळावर नसून खेळणाऱ्यावर आहे, हे मान्य करणे भाग पडते.

आपल्या परंपरेत स्त्रीला खेळ वर्ज्य होता असेही नाही. सागरगोट्यांतील हाताचे कसब, मंगळागौरीच्या रात्रीची झिम्मा-फुगडी, हादग्याचा फेर हे सारे तिचेच. मात्र त्या खेळांना तिथी होती, जागा होती आणि बहुधा व्रताचे निमित्त होते. निमित्तावाचून, केवळ आनंदासाठी खेळण्याचा हक्क तिला कधी मिळाला नाही. लग्नानंतर तर नाहीच. मैदानावर ही कोंडी हळूहळू फुटली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची होती. मैदानावर जे मान्य झाले ते पडद्यावर अमान्य का, याचे तर्कशुद्ध उत्तर कोणाजवळ नाही.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. शाळेच्या संगणककक्षात मुलींसाठी राखीव तास ठेवता येईल, कारण मोकळी स्पर्धा असली की यंत्रासमोरची जागा बहुधा मुलगेच बळकावतात. घरात खेळाची वेळ ठरवायची तर ती भाऊ आणि बहीण दोघांना सारखी ठरवता येईल. आणि पाणी भरण्याची पाळीही. इंटरनेटवरून स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमाखाली गुन्हा आहे, एवढी माहिती नववी-दहावीच्या वर्गात मुलामुलींना एकत्र देता येईल. तक्रार करणाऱ्या मुलीचा फोन काढून घेणे हा मात्र उपाय नव्हे. ती छळणाऱ्याच्या वतीने तिला केलेली शिक्षा आहे. खेळ विकणाऱ्या कंपन्यांवर तक्रारींची दखल वेळेत घेण्याची जबाबदारी कठोरपणे टाकणे, हे सरकारचे काम आहे. ई-स्पोर्ट्सना उत्तेजन देताना हीच अट सरकारने पहिली ठेवली पाहिजे.

अखेर प्रश्न मोबाइलच्या खेळाचा नाहीच. रिकाम्या वेळावर, यंत्रावर आणि निर्हेतुक आनंदावर कोणाचा हक्क, हा आहे. खर्डीच्या स्थानकातील बाकावर संध्याकाळी चार मुली खेळत बसल्या आहेत आणि त्यांच्याकडे पाहून कोणीही थबकत नाही, असा दिवस येईल तेव्हा या विषयावर लेख लिहिण्याची गरज उरणार नाही. तोवर, संध्याकाळी हंडा कोणाच्या डोक्यावर आहे आणि फोन कोणाच्या हातात, हे प्रत्येक घराने आपापल्या उंबऱ्याच्या आत एकदा पाहून घ्यावे.