जुना संगणक भंगारात काढण्याआधी

शाळेच्या कोपऱ्यात कापड पांघरून ठेवलेला डेस्कटॉप 'बंद आहे' एवढ्याच शेऱ्यावर निर्लेखनाच्या यादीत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद म्हणजे नेमकं काय? दिवाच लागत नसेल तर त्याच सॉकेटात दुसरं काहीतरी लावून बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? बहुतेक वेळा ते दुखणं अर्थिंगचं असतं. वायरमनला बोलवा, तोवर पोरांना जवळ जाऊ देऊ नका. पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते? प्लग काढा, रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. आपल्या भिवापूरच्या धुळीत (मिरचीच्या हंगामात तर विचारूच नका!) हा साधा उपाय बरेचदा लागू पडतो. तारीख रोज मागे जाते, वेबसाइट उघडत नाहीत? मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदला. किंमत किरकोळ असते.

एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो. तो डबा अख्खाच बदलावा.

बाकी सगळं मुलांसमोर करा. नवीन संगणकाची वाट बघता बघता आठवीची पोरं शाळा सोडून जातात, माऊसला हात न लावता.