मूल्य वाढले, उत्पन्न नव्हे

फेरआकारणीच्या नोटिसा घरोघर पोहोचल्या की नगरपरिषदेच्या कचेरीत गर्दी उसळते. वाढीव घरपट्टी परवडत नाही, असे नागरिक म्हणतात. तिजोरीत खडखडाट असता पाणी, दिवे आणि रस्ते कोठून द्यावयाचे, असा प्रतिप्रश्न अधिकारी करतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे; पण या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूस पडतो.

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ अन्वये दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी तयार होते. घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज करून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले जातात. उरते ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर घरपट्टी शेकडेवारीने बसते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या बाबतीत हे भाडे केवळ कागदावरचे असते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

म्हणून फेरआकारणी हाच अन्याय, असे म्हणता येणार नाही. उलट यादी वर्षानुवर्षे जुनीच राहिली, तर भर बाजारपेठेतील जुन्या वाड्याला नाममात्र पट्टी आणि गावाबाहेरील वसाहतीतल्या दोन खोल्यांना भारी पट्टी, अशी विषमता मुरते. ती दूर करणे हे फेरआकारणीचे खरे प्रयोजन होय.

परंतु भार न्याय्य रीतीने वाटणे वेगळे आणि एकूण भार वाढवणे वेगळे. समजा, एखाद्या गावातील सर्व मिळकतींचे करयोग्य मूल्य २ कोटी रुपये व कराचा दर २५ टक्के आहे. तर मागणी ५० लाखांची झाली. नव्या यादीत मूल्य अडीच कोटी झाले, तर तेवढीच रक्कम २० टक्के दराने मिळते. दर कायम ठेवल्यास मागणी साडेबासष्ट लाखांवर जाते. म्हणजे करवाढीचा ठराव न करताच साडेबारा लाखांची करवाढ झाली! ती आवश्यक असेलही. पण मग तशी उघड मांडणी करून सभागृहात तिची जबाबदारी घेतली पाहिजे.

या मूक वाढीची झळ सर्वांना सारखी बसत नाही. दुकानदार ती थोडीफार गिऱ्हाइकावर ढकलू शकतो. आयुष्याची पुंजी घालून घर बांधलेल्या निवृत्त शिक्षकाने ती कोणावर ढकलावी? शेजारून रुंद रस्ता गेला म्हणून त्याचे निवृत्तिवेतन वाढत नाही. घर विकल्याखेरीज वाढलेले मूल्य त्याच्या हाती येत नाही, आणि घर तर त्याला राहण्यासाठी हवे आहे.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. पुणे महानगरपालिकेने १९७० पासून मालक स्वतः राहत असलेल्या घरांना ४० टक्के सवलत दिली. मध्यंतरी बंद पडलेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसू लागला, तेव्हा निवासी घरांचा कर पहिल्या झटक्यात दुपटीपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली. लहान नगरांतही शासनाच्या नियमांच्या चौकटीत राहून दर उतरवणे, अथवा वाढ टप्प्याटप्प्याने लागू व्हावी म्हणून शासनाकडे आग्रह धरणे शक्य आहे.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. नोटिशीतील क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वापर ताडून पाहून मुदतीत लेखी हरकत नोंदवली, तरच पुढे अपिलाचा मार्ग मोकळा राहतो. मुदत टळल्यावर काढलेला मोर्चा यादीतला एक आकडाही बदलू शकत नाही. नगरपरिषदेनेही जुने मूल्य, नवे मूल्य आणि एकूण मागणी किती वाढणार, हे तिन्ही आकडे एकत्र प्रसिद्ध करावेत. कर देण्यास सामान्य माणूस सहसा नाकारत नाही. हिशेब न सांगता मागितलेला कर मात्र त्याला जुलूम वाटतो.