अस्सलपणाचा नियम आणि सुट्या भागांचा पेच

जुनी शेव्हरोले किंवा डॉज बाळगणे हा निव्वळ धनिकांचा छंद, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा नसला, तरी या मोटारी रस्त्यावर राहणार की नाही, हा प्रश्न केवळ पैशाचा उरलेला नाही. सुटा भाग मिळणे, तो बसवता येणे आणि बसवलेला भाग कायद्याला मान्य होणे, अशा तीन पायऱ्यांवर तो अडतो. नवी मुंबईत या तिन्ही पायऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत. भाग उतरतात ते न्हावाशेवा बंदर लगतच आहे, ते बसवणारे हात तुर्भे-महापे पट्ट्यात आहेत आणि नोंदणीचे परिवहन कार्यालय शहरातच आहे.

मुंबईचे अमेरिकन मोटारींशी नाते जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ व डिसोटो जुळवल्या. १९५३ मध्ये केंद्र सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना दार बंद केले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. गाड्या मागे राहिल्या, सुट्या भागांचा ओघ मात्र आटला. त्यातच पेट्रोल परवडेना, तेव्हा अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले.

आज अमेरिकेत जुन्या मोटारींचे भाग नव्याने बनवणारा मोठा उद्योग उभा आहे. १९६४ मध्ये अवतरलेल्या फोर्ड मस्टँगचा तर जवळपास संपूर्ण सांगाडा नवा मिळतो. तथापि, तेथील भाग डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी असतात आणि भारतात जुळवलेल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या आहेत. गॅस्केट, पिस्टन, दिव्यांच्या काचा जुळतात. डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स आणि पेडलची जोडणी जुळत नाही. त्यासाठी कॅनडातून निर्यात झालेल्या किंवा ऑस्ट्रेलियात होल्डनने जुळवलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांच्या भागांचा माग काढावा लागतो. त्यावर जहाजभाडे आणि आयात शुल्क येते ते वेगळेच.

म्हणूनच खरी भिस्त स्थानिक कारागिरावर आहे. मिलिमीटरऐवजी इंचाच्या आट्यांचा बोल्ट कापणे, झिजलेल्या तुकड्यावरून बुश घडवणे ही कामे लेथवरचा जाणता टर्नर करतो. मात्र संगणकचालित यंत्रांच्या काळात एकच नग घडवणारा हा हात दुर्मीळ होत चालला आहे.

आता कायद्याकडे वळू. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये ठेवले. जुना नोंदणी क्रमांक राखण्याची मुभा दिली, हे स्वागतार्हच होते. अट एकच : गाडी मूळ स्वरूपात असावी; चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल कायद्यात बसत नाही, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केले होते.

पण मूळ स्वरूप म्हणजे काय? नोंदणी पुस्तकात डिझेल इंजिनाची नोंद असलेली जुनी प्लिमथ पुन्हा पेट्रोलवर आणली, तर तो फेरफार की दुरुस्ती? प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एक नळी फुटली की ब्रेकच जातो. शीव-पनवेल महामार्गाच्या आजच्या रहदारीत अशी गाडी नेणे म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्याही जिवाशी खेळ आहे. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील पडदे खराब होण्याचा धोका आहे. दुहेरी मास्टर सिलिंडर, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, सीट बेल्ट हे बदल चासी वा इंजिनाला धक्का न लावता करता येतात आणि हवे तेव्हा काढताही येतात.

असे बदल कोणते ग्राह्य, याची स्पष्ट यादी परिवहन खात्याने जाहीर करायला हवी. त्यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरे. अन्यथा प्रामाणिक मालक ब्रेक सुधारण्यास कचरेल आणि अप्रामाणिक मालक तपासणीच्या दिवसापुरता जुना भाग बसवून मोकळा होईल. वारसा जपायचा, तर तो सुरक्षितपणे थांबू शकला पाहिजे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.